श्वासनलिकांचे मज्जातंतू : उपचार आणि पडताळा

‘दमा’ हा शब्द आपण फार सैलपणे वापरतो. जिना चढताना आजोबांना धाप लागली की दमा, ऋतू पालटला की लहान मुलाच्या छातीत घरघर होते तोही दमा, आणि चाळीस वर्षे चुलीपुढे बसलेल्या आजीचा खोकला थांबेनासा झाला की तोही दमाच. आपल्या सीमाभागात शेजारचा कन्नडभाषक त्याला ‘उब्बस’ म्हणतो. शब्द दोन झाले तरी सैलपणा तोच राहतो. वैद्यकशास्त्र मात्र यात निदान दोन रोग वेगळे पाहते. खऱ्या दम्यात श्वासनलिका एकाएकी आकुंचन पावतात आणि औषधाने किंवा आपोआप पुष्कळशा पूर्ववत होतात. दुसऱ्या रोगाला डॉक्टर ‘सीओपीडी’ म्हणतात. त्याला आपण दीर्घकालीन अडथळ्याचा फुप्फुसरोग म्हणू. यात धुराने आणि धुळीने नळ्यांच्या भिंती जाडावतात, कफ वाढतो, वायुकोशांच्या नाजूक भिंती झिजतात, आणि झालेली हानी पूर्णपणे भरून येत नाही. तंबाखूचा धूर हे याचे मोठे कारण आहे. परंतु लाकूड, गोवऱ्या यांचा चुलीतील धूर व कारखान्यातील धूळ हीही तितक्याच गांभीर्याने घ्यावयाची कारणे आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाप्रमाणे २०२१ या एका वर्षात जगात सुमारे ३५ लाख माणसे या रोगाने दगावली.

या रोगावर मज्जातंतूंच्या मार्गाने उपचार करण्याची कल्पना अलीकडे पुन्हा पुढे आली आहे. ‘पुन्हा’ असे मी मुद्दाम म्हणतो, कारण ती नवी नाही. मी महाविद्यालयात शरीरक्रियाशास्त्र शिकवतो. मी डॉक्टर नव्हे. तेव्हा कोणी कोणता उपचार घ्यावा हे सांगणे माझे काम नाही. मज्जातंतूचे कार्य काय, त्यावर उपचार का सुचला, आणि असा उपचार खरोखर गुणकारी आहे की नाही हे ठरवायचे कसे, एवढेच या लेखात पाहावयाचे आहे. शेवटचा प्रश्न विज्ञान शाखेपुरता नाही. कला आणि वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांच्या घरीही तो केव्हा तरी दार ठोठावतोच.

नळ्या आणि त्यांचा लगाम

छातीत शिरलेली श्वासनलिका दोन मुख्य फाट्यांत विभागते, त्यांचे पुन्हा दोन, पुन्हा दोन, असे सुमारे तेवीस वेळा फाटे फुटत वायुकोशांपर्यंत पोचतात. या नळ्यांच्या भिंतींत गुळगुळीत स्नायूंचे वेढे असतात. ते आवळले की नळीचे तोंड लहान होते. येथे पदार्थविज्ञानातील एक नियम आठवावा. संथ प्रवाहाला नळीचा होणारा विरोध त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असतो. म्हणजे त्रिज्या दहा टक्क्यांनी घटली तर विरोध सुमारे दीडपट होतो आणि ती निम्मी झाली तर सोळापट! नळी किंचित सैल झाली तरी रुग्णाला ‘जरा हलके वाटते’, त्याचे मर्म या हिशेबात आहे.

हे वेढे आवळण्याची आज्ञा येते ती मुख्यतः व्हेगस नावाच्या मज्जातंतूकडून. लॅटिन भाषेत या शब्दाचा अर्थ ‘भटक्या’ असा आहे, आणि नाव अगदी सार्थ आहे. मेंदूच्या बुंध्यातून निघून हा मज्जातंतू गळ्यातून छातीत, हृदयाकडे, फुप्फुसांकडे, आणि अन्ननलिकेच्या अंगाने थेट जठर व आतड्यांपर्यंत भटकत जातो. त्याची आज्ञा पोचते कशी? १९२१ मध्ये ऑटो लोवी यांनी बेडकाची दोन हृदये घेतली. एकाचा व्हेगस उद्दीपित केला तेव्हा त्याची गती मंदावली. त्या हृदयाभोवतीचा द्रव दुसऱ्या हृदयावर सोडताच तेही मंदावले. दुसऱ्याच्या मज्जातंतूला तर कोणी स्पर्शही केलेला नव्हता. आज्ञा नेणारा पदार्थ रासायनिक आहे हे यावरून सिद्ध झाले. तो पदार्थ म्हणजे ॲसिटिलकोलीन. या कार्यासाठी लोवी आणि हेन्री डेल यांना १९३६ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

श्वासनलिकेतही हेच ॲसिटिलकोलीन स्नायू आवळते आणि कफाच्या ग्रंथींना स्रावाची आज्ञा देते. निरोगी माणसात हा लगाम हलकासा ओढलेला असतो, त्याचा त्रास होत नाही. ज्याच्या नळ्या आधीच अरुंद झाल्या आहेत त्याला मात्र वरील चौथ्या घाताच्या हिशेबाने तेवढा ताणही भारी पडतो.

परंतु व्हेगस केवळ आज्ञा नेत नाही, तो वार्ताही आणतो, हे विसरू नये. फुप्फुस किती फुगले, नळीत धूर शिरला की पाण्याचा थेंब, ही वार्ता त्याच्याच धाग्यांतून मेंदूकडे जाते. ठसका लागतो तो यामुळेच. ज्या रुग्णांत दुसऱ्याचे फुप्फुस बसवले जाते त्यांच्या बाबतीत जोडाखालील मज्जातंतू तोडले गेलेले असतात. असे रुग्ण शांतपणे श्वासोच्छ्वास करू शकतात, यावरून फुप्फुस मज्जातंतूंवाचूनही चालते हे दिसते. मात्र जोडाखाली काही अडकले तर त्यांना पुरेसा खोकला येत नाही, आणि हेही तितकेच खरे आहे.

धोतऱ्यापासून फवाऱ्यापर्यंत

लगाम सैल करण्याचा पहिला उपाय आपल्याच देशातला आहे. दमेकऱ्याने धोतऱ्याचा धूर ओढावा ही रीत भारतात जुनी. मद्रासचे डॉक्टर जेम्स अँडरसन यांच्याकडून ही माहिती कळल्यावर जनरल जेंट यांनी १८०२ च्या सुमारास ती वनस्पती ब्रिटनमध्ये नेली, आणि पुढे युरोपात धोतऱ्याच्या विड्या दम्यावर सर्रास ओढल्या जाऊ लागल्या. धोतऱ्यात ॲट्रोपीन व त्याच्या जातीची द्रव्ये असतात. ॲसिटिलकोलीन स्नायूवर जेथे बसते ती जागा ही द्रव्ये अडवून धरतात. (धोतरा विषारी आहे, त्याचे प्रमाण चुकले तर भ्रम होतो आणि जीवही जाऊ शकतो. तेव्हा घरी कोणी हा प्रयोग करू नये.)

विष टाकून गुण ठेवण्याचा यत्न रसायनशास्त्रज्ञांनी केला. १९७० च्या दशकात इप्राट्रोपियम आणि नव्या शतकाच्या आरंभी टिओट्रोपियम ही औषधे वापरात आली. फवाऱ्यातून घेतल्यास ती रक्तात फारशी जात नाहीत, नळ्यांवरच काम करतात. टिओट्रोपियमची तर दिवसातून एक मात्रा पुरते. म्हणजे आजचा फवारा हा एका अर्थी धोतऱ्याचाच सुधारलेला वंशज होय. हा इतिहास मी सांगतो तो अभिमानासाठी नव्हे. ‘मज्जातंतूचा परिणाम अडवला की श्वास मोकळा होतो’ या तत्त्वाला भक्कम आधार आहे, हे दाखवण्यासाठी तो सांगितला. मात्र औषधाला एक गुण आहे, तो पुढे उपयोगी पडेल म्हणून येथेच नोंदवतो. औषध सोसले नाही तर बंद करता येते.

गळ्यातील एक चीर

औषध रोज घ्यावे लागते, मग एकदाच काय ते कापून का टाकू नये, हा विचार शस्त्रवैद्यांच्या मनात येणे स्वाभाविक होते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात दम्यासाठी छातीतील निरनिराळे मज्जातंतू कापून पाहिले गेले. त्यांतील सर्वांत बोधप्रद कथा जपानमधील आहे.

गळ्यात जेथे मोठी रोहिणी दुभंगते तेथे तांदळाच्या दाण्याएवढा एक पिंड असतो. त्याला कॅरॉटिड पिंड म्हणतात. कोमेई नाकायामा हे जपानचे नामवंत शस्त्रवैद्य होते. गळ्यावर छोटीशी चीर देऊन हा पिंड काढला तर दमा सुधारतो, असे त्यांनी मांडले. १९६१ मध्ये त्यांनी जवळपास चार हजार रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला, आणि बहुसंख्यांना गुण आल्याचे सांगितले. शस्त्रक्रिया लहान, वेळ थोडा, रुग्ण खूश. पाहता पाहता ती इतर देशांतही होऊ लागली.

येथे विद्यार्थ्यांनी क्षणभर थांबावे. चार हजार ही संख्या काही थोडी नाही. तरीही तीत एक गोष्ट नव्हती. ज्यांचा पिंड काढला नाही, पण काढला असे ज्यांना वाटले, अशा रुग्णांशी तुलना नव्हती. पुढे अमेरिकेतील सीगल आणि डल्फानो यांनी १९६५ मध्ये पंधरा रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. शस्त्रक्रिया पंधराही जणांत निष्फळ ठरली होती. हळूहळू ही शस्त्रक्रिया मागे पडली.

आणि तो पिंड निरुद्योगी तर मुळीच नव्हता. रक्तातील प्राणवायू घटला की मेंदूला इशारा देणारा पहारेकरी तोच. हे कार्य उलगडून दाखवल्याबद्दल कॉर्नेल हेमन्स यांना १९३८ चे नोबेल मिळालेले होते, म्हणजे शस्त्रक्रिया सर्वत्र पसरण्याच्या कितीतरी आधी! दोन्ही बाजूंचे पिंड काढलेल्या माणसांची १९७१ मध्ये तपासणी झाली. प्राणवायू कमी केला असता निरोगी माणसाचा श्वास जसा वाढतो तसा त्यांचा वाढत नाही, असे दिसून आले. ज्याची फुप्फुसे आधीच दुबळी आहेत त्याचा पहारेकरीच आपण काढून घेतला होता.

दुर्बीण, उष्णता आणि थंड फुगा

आता आजच्या पद्धतीकडे वळू. गळ्यावर वा छातीवर चीर नाही. रुग्णाला भूल देऊन तोंडावाटे श्वासनलिकेत लवचीक दुर्बीण घालतात. तिच्याबरोबर एक बारीक नळी मुख्य श्वासफाट्यात नेतात. नळीच्या टोकाशी एक फुगा आणि एक विद्युतअग्र असते. व्हेगसच्या फांद्या श्वासफाट्याच्या बाहेरच्या अंगाने फुप्फुसात शिरतात, त्यामुळे बाहेरचा थर तापवायचा पण आतले अस्तर भाजू द्यायचे नाही, असा हा पेच आहे. तो असा सोडवला आहे : रेडिओलहरींच्या ऊर्जेने उष्णता निर्माण करायची, आणि त्याच वेळी फुग्यातून थंड द्रव खेळवून अस्तर गार ठेवायचे. उष्णता काही मिलिमीटर खोलवर जाऊन मज्जातंतू निकामी करते. विद्युतअग्र फिरवून फाट्याच्या सर्व बाजू घेतात आणि मग दुसऱ्या बाजूचा फाटा. आधी मेंढ्यांवर प्रयोग करून मज्जातंतू खरोखर निकामी होतात काय आणि किती काळ, हे पाहिले गेले.

दिर्क-यान स्लेबोस व सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये माणसांवरील पहिल्या प्रयोगाचा वृत्तांत प्रसिद्ध केला. रुग्ण होते बावीस, सीओपीडीचे. हेतू होता हा उपचार सुरक्षितपणे करता येतो काय हे पाहण्याचा. पुढील टप्प्यावर एक अडचण आली, आणि शरीररचनेच्या विद्यार्थ्याला ती आधीच सुचावयास हवी. डावा श्वासफाटा अन्ननलिकेला खेटून जातो, आणि अन्ननलिकेच्या अंगावरून त्याच व्हेगसच्या जठराकडील फांद्या उतरतात. काही रुग्णांत उष्णता तेथवर पोचली आणि जठर रिकामे होण्याचे काम मंदावले. मळमळ व पोट फुगणे सुरू झाले. मग अन्ननलिकेत वेगळा फुगा ठेवून अंतर मोजण्याची आणि जवळच्या जागी ऊर्जा न देण्याची खबरदारी पद्धतीत घालण्यात आली.

लटका उपचार कशासाठी?

२०१९ मध्ये याच मालिकेतील दुसऱ्या चाचणीचे निष्कर्ष आले. ही चाचणी युरोपात झाली. ८२ रुग्ण चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन सारख्या गटांत विभागले. दोन्ही गटांना भूल दिली, दोन्ही गटांत दुर्बीण व नळी घातली. एकात ऊर्जा सोडली, दुसऱ्यात सोडली नाही. यालाच मी ‘लटका उपचार’ म्हणतो. आपण कोणत्या गटात आहोत हे रुग्णाला ठाऊक नव्हते, आणि नंतर त्यांना तपासणाऱ्यांनाही नव्हते. तिसऱ्या महिन्यापासून साडेसहा महिन्यांपर्यंत श्वसनाचा त्रास नोंदवला गेलेल्यांचे प्रमाण उपचार झालेल्या गटात ३२ टक्के आणि लटक्या गटात ७१ टक्के होते.

फरक लक्षणीय आहे, यात शंका नाही. परंतु आकडे उलगडून पाहावेत. एका गटात ४१ जण. ३२ टक्के म्हणजे १३ जण, आणि ७१ टक्के म्हणजे २९. एवढ्या लहान संख्येत पाचदहा माणसे इकडची तिकडे झाली तर चित्र पालटते. म्हणून लहान चाचणी आशा दाखवते, निर्णय देत नाही. मोठ्या चाचणीचा वृत्तांत वाचताना, चाचणी सुरू होण्यापूर्वी मुख्य प्रश्न कोणता ठरवला होता आणि त्याचेच उत्तर काय आले, हे आधी पाहावे. मागाहून निवडलेल्या एखाद्या उपगटात गुण दिसला, एवढ्यावर समाधान मानू नये.

लटक्या उपचारात रुग्णाची फसवणूक नाही काय, असे कोणी विचारील. तशी नाही, कारण दोनपैकी एक गट आपल्या वाट्याला येईल हे सांगूनच संमती घेतलेली असते. त्याची गरज किती, हे दुसऱ्या एका उपचारावरून पटते. तीव्र दम्यात श्वासनलिकांचे स्नायूच उष्णतेने कमी करण्याची एक पद्धत आहे. तिची २८८ रुग्णांवरील चाचणी २०१० मध्ये प्रसिद्ध झाली. दैनंदिन जीवन स्पष्टपणे सुधारले असे प्रश्नावलीवरून दिसलेले रुग्ण उपचार झालेल्या गटात ७९ टक्के होते. लटक्या गटात? तेथेही ६४ टक्के! ज्यांच्या छातीत काहीच केले नव्हते अशा दर तिघांपैकी जवळजवळ दोघे सुधारले होते. ते खोटे बोलत नव्हते. रोग मुळात चढउतार होणारा असतो, माणूस डॉक्टरकडे जातो तो चढावर असताना, आणि नंतरचा उतार उपचाराच्या खाती जमा होतो. शिवाय चाचणीत लोक औषधे नेमाने घेतात, आणि आशेनेही धाप थोडी हलकी वाटते. नाकायामांच्या चार हजार रुग्णांपैकी किती जण या जातीचे होते, हे तुलनेवाचून कोणाला कळणार?

एका घरातला प्रश्न

हे सारे पुस्तकी वाटू नये म्हणून अलीकडचा एक प्रसंग सांगतो. बी.एस्सी.च्या वर्गातील एक विद्यार्थी तास संपल्यावर मला भेटला. त्याचे वडील पंचवीस वर्षे फौंड्रीत कामाला होते. विडीची सवयही होती. आता न्हाणीघरापर्यंत जाताना त्यांना दोनदा टेकावे लागे. कोणा नातेवाइकाने मोबाइलवर एक चित्रफीत पाठवली होती. ‘नसेवर एकच उपचार, दमा कायमचा गेला’, असे तीत होते. खर्च काही लाखांचा.

“सर, बाबा रान विकायला निघालेत. आई रडते आहे. काय करू?” तो म्हणाला.

मी त्याला होय किंवा नाही म्हटले नाही. तीन प्रश्न लिहून दिले आणि तेथे फोन करून विचार म्हटले. पहिला : फुंकर मारून करावयाची तपासणी झाल्यावाचून, हा दमा की सीओपीडी हे तुम्ही कसे ठरवता? दुसरा : तुमच्या उपचाराची लटक्या उपचाराशी तुलना झाली आहे काय, आणि कोणत्या गोष्टीत किती फरक पडला? तिसरा : तो मज्जातंतू आणखी कोणती कामे करतो, आणि गुण आला नाही तर परतीची वाट कोणती?

पलीकडून उत्तर मिळाले ते एवढेच, की शेकडो रुग्ण समाधानी आहेत आणि या महिन्यात नाव नोंदवल्यास सवलत आहे.

मग तो वडिलांना घेऊन छातीच्या डॉक्टरांकडे गेला. तपासणीत सीओपीडी ठरला. डॉक्टरांनी फवारा कसा घेता ते दाखवायला सांगितले, तेव्हा कळले की दोन वर्षे औषध जिभेवर पडत होते, छातीत जातच नव्हते. फवाऱ्याला जोडण्याची पोकळ नळी मिळाली, श्वासाचे आणि चालण्याचे व्यायाम सुरू झाले, लस टोचून झाली आणि विडी सुटली, तीही फार कष्टाने. वडील बरे झाले नाहीत. हा रोग तसा बरा होत नाही. पण आता ते घरापासून देवळापर्यंत एकदा टेकून जातात. रान अजून त्यांच्याच नावावर आहे.

समारोप

मज्जातंतूंवरील उपचार म्हणजे थोतांड, असा याचा अर्थ कोणी घेऊ नये. चित्रफितीतील जाहिरात आणि ८२ रुग्णांची ती चाचणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चाचणी करणाऱ्यांनी पोटाच्या तक्रारी लपवल्या नाहीत, पद्धत सुधारली, आणि स्वतःच्याच उपचाराला लटक्या उपचाराशी झुंजायला लावले. शास्त्राची चाल अशीच असते. पण जाळलेला मज्जातंतू औषधासारखा उद्यापासून बंद करता येत नाही, म्हणून त्याच्याकडून मागावयाचा पुरावाही औषधापेक्षा अधिक कडक असावा, एवढेच माझे म्हणणे आहे.

दरम्यान सिद्ध झालेल्या गोष्टी हाताशी आहेत. धूम्रपान सोडणे, घरातील चुलीचा धूर कमी करणे, फवारा योग्य रीतीने घेणे, लसी टोचणे, श्वसनाचे नियमित व्यायाम, आणि रक्तातील प्राणवायू फारच घटलेल्यांना दिवसाचे पंधरा तास वा अधिक काळ प्राणवायू देणे. या शेवटच्या उपायाने आयुष्य वाढते हे १९८० आणि १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन चाचण्यांनी दाखवून दिले आहे. या उपायांची चित्रफीत कोणी पाठवत नाही. म्हणून विद्यार्थी मित्रांना एक काम सुचवतो. आपल्या घरात, गल्लीत कोणी फवारा वापरत असेल तर या सुटीत त्यांना तो एकदा डॉक्टरांपुढे वापरून दाखवायला सांगा. आणि घरी चूल असेल तर तिच्यापुढे रोज किती तास कोण बसते, तेही एकदा मोजून पाहा.